ठासणीच्या बंदुकीतील दस्ता व चाप : एक विवेचन

प्रस्तावना : परळ-लालबागच्या गिरणी कामगारांत कोकणवासीयांची संख्या मोठी होती. त्यांच्या गावी पिकांच्या राखणीसाठी वापरली जाणारी ठासणीची बंदूक घडविताना दोन निवडी महत्त्वाच्या ठरतात.

दस्ता : चाप बसविण्यासाठी लाकूड कोरल्याने त्यामागील निमुळता भाग दुबळा होतो. तेथे तंतू आडवे असल्यास धक्क्याने तडा जातो. म्हणून सरळ तंतूंचे अक्रोड वा शिसव इष्ट. ओले लाकूड सुकताना आकसते व चाप सैल पडतो.

चाप : पावसात तोडा विझतो, गारेच्या चापातील दारू ओलावते. फोर्साइथ यांच्या १८०७ च्या पेटंटनंतर विकसित झालेल्या केपाच्या चापाने ही अडचण बरीचशी दूर केली.

निष्कर्ष : दोन्ही निवडींत ओलावा हा समान निकष आहे. म्हणून जुन्या बंदुकीची नोंद करताना नळीबरोबर लाकडाची जात व चापाचा प्रकारही नोंदविणे अगत्याचे आहे.