औषध अंगभर, उजेड नेमका

अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च तळहाताला चिकटवून लावा. बोटांच्या कडा लालभडक दिसतात. टॉर्च पांढरा, मग बाहेर लालच का? निळा-हिरवा उजेड रक्तातलं हिमोग्लोबिन वाटेतच गिळतं, तांबडा तेवढा पार होतो. त्याच्याही पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश आणखी खोल शिरतो. कर्करोगावरच्या एका नव्या उपचाराची सगळी भिस्त एवढ्यावरच आहे.

केमोथेरपीचं दुखणं जुनं. सलाइनमधून गेलेलं औषध गाठीत पोचतं, तसंच केसांच्या मुळांशीही पोचतं. औषधाला गाठीचा पत्ता पाठ करून देण्यासाठी नॅनोकण आले. पण २०१६ साली टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले प्रयोग चाळले, तेव्हा टोचलेल्या कणांपैकी साधारण ०.७ टक्केच गाठीत पोचतात, असं निघालं. शंभरातला एकही नाही!

उजेडाची युक्ती वेगळी. औषध अंगभर फिरो, पण झोपलेलं. जाग यावी ती लेसर पडेल तिथेच. अर्थात ऊनही उजेडच. १९१२ साली मायर-बेट्झ या जर्मन डॉक्टरने हेमॅटोपोर्फिरिन हे प्रकाशसंवेदी द्रव्य स्वतःलाच टोचून घेतलं, उन्हात गेला आणि चेहरा-हात सुजवून बसला. म्हणूनच औषधाला जाग यावी ती कुठल्याही उजेडाने नव्हे, फक्त तांबड्या-अवरक्त पट्ट्यातल्या.

इथे सोनं कामी आलं. ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात नाओमी हालास आणि जेनिफर वेस्ट यांनी सिलिकाच्या कणांवर सोन्याचा वर्ख चढवला. वर्खाची जाडी साधली की कण नेमका अवरक्त प्रकाश शोषून तापतो. हा कण सुमारे दीडशे नॅनोमीटरचा. केसाच्या जाडीत पाचशे मावावेत. हे कण वापरून प्रोस्टेट कर्करोगाच्या १६ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले: वर्षभरानंतर बहुतेकांच्या उपचार केलेल्या जागी बायॉप्सीत कर्करोग सापडला नाही. तिथे काम केलं ते निव्वळ उष्णतेने, औषध नव्हतंच.

औषधासाठी पोकळ कण हवा. आयआयटी मुंबईत रोहित श्रीवास्तव यांच्या गटाने स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म पिशवीवर, म्हणजे लायपोसोमवर सोनं चढवलं; खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रातले अभिजित डे त्यात सहभागी होते. लेसर पडला की पिशवी तापून फुटते. आत औषध भरलं असेल तर तिथेच सांडणार. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं: सोन्याचेही बारीक तुकडे होतात आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडू शकतात. नाहीतर सोनं यकृतात ठाण मांडून बसतं. २०१५ साली प्रसिद्ध झालेलं हे काम उंदरांवरचं होतं, हे विसरू नये.

अवरक्त प्रकाशही शरीरात फार तर सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर उपयोगाचा उरतो. त्यापुढे उजेड नेणारा तंतूच (ऑप्टिकल फायबर) आत घालावा लागतो. अंगभर पसरलेल्या रोगाला हा उपाय नाही. तोंडाचा कर्करोग मात्र आपल्याकडे पुरुषांत सर्वाधिक, आणि तोंडात उजेड पाडायला चिरफाड लागत नाही. पहिला प्रयत्न तिथे व्हायला हवा.

आणि हो, सुवर्णभस्माचा याच्याशी काही संबंध नाही. ‘नॅनो गोल्ड’च्या पुड्या विकणारा कुणी भेटला, तर चालू केमो सोडू नका, पुडी आपल्या डॉक्टरांना दाखवा.