शिक्षण कुत्र्याचे की घराचे?

पाळलेला कुत्रा ऐकत नाही, अशी तक्रार घेऊन माणसे शिक्षकाकडे जातात, तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा अशी असते, की शिक्षकाने कुत्रा घेऊन जावा आणि काही आठवड्यांनी तो शहाणा करून परत आणून द्यावा. ही अपेक्षा सहसा फळाला येत नाही. शिक्षकासमोर निमूटपणे बसणारा कुत्रा घरी परतल्यावर थोड्याच दिवसांत पूर्ववत वागू लागतो. कारण तो बदललेला असला, तरी घर पूर्वीचेच असते. घरातील माणसे सकाळपासून रात्रीपर्यंत कुत्र्याला काही ना काही शिकवीतच असतात, फक्त त्याची त्यांना जाणीव नसते. म्हणूनच आज अनेक शिक्षक पहिला धडा कुत्र्याला न देता त्याच्या कुटुंबाला देतात.

दिल्लीत यमुनेच्या पूर्वेला असलेली मयूर विहार ही वसाहत सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या बहुमजली इमारतींसाठी ओळखली जाते. अशा एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे मराठी कुटुंब आपण कल्पनेने डोळ्यांपुढे आणू. घरात आजी-आजोबा, नोकरी करणारे आईवडील, आठ वर्षांची मुलगी आणि एक वर्षाचा लॅब्रडॉर आहे. आजी कुत्र्याला ‘बस’ म्हणतात, तेव्हा त्याने खाली बसावे अशी त्यांची इच्छा असते. कामाला येणाऱ्या बाई हिंदी बोलणाऱ्या. त्या ‘बस’ म्हणतात, तेव्हा त्यांना ‘आता पुरे’ असे म्हणावयाचे असते. वडील ‘सिट’ म्हणतात. मुलगी ‘बस ना रे, बस, बस’ असे पाच वेळा म्हणते आणि शेवटी हसून त्याच्या गळ्यात पडते. कुत्र्याला भाषा येत नाही. एखादा आवाज ऐकू आला आणि आपण अमुक केले, तर पुढे काय घडते, एवढाच हिशेब त्याच्यापाशी असतो. येथे एकाच आवाजानंतर कधी खाऊ मिळतो, कधी दरडावणी, कधी लाड आणि बहुतेक वेळा काहीच नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारींच्या भोंग्यांकडे जसे आपण लक्ष देत नाही, तसेच तो या शब्दाकडे लक्ष देईनासा होतो. याला हट्टीपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

शब्दांपेक्षा माणसाच्या हालचालींचा अर्थ कुत्र्याला लवकर लागतो. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरील कुत्र्यांवर केलेले प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. अनोळखी माणसाने दोन झाकलेल्या भांड्यांपैकी एकाकडे बोट दाखविले असता, जे कुत्रे जवळ आले त्यांपैकी सुमारे चार-पंचमांश त्याच भांड्याकडे गेले. या कुत्र्यांना कोणी शिकविलेले नव्हते. जवळजवळ निम्मे कुत्रे मात्र भांड्यांपर्यंत आलेच नाहीत. ते बिचकलेले दिसत होते. भय असेल तेथे समजण्याची शक्ती असूनही उपयोगी पडत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

आता वेळेचा प्रश्न. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवरील आपल्या प्रयोगांतून असे मांडले, की ज्या कृतीचा परिणाम सुखद होतो ती कृती प्राणी पुन्हा करतो. स्किनर यांनी हाच विचार पुढे नेला आणि १९५१ मध्ये सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या लेखात कुत्र्याला शिकविण्याची रीत सांगितली. तिचे मर्म असे, की बक्षीस कृतीपाठोपाठ, क्षणाचाही विलंब न लावता पोहोचले पाहिजे. कुत्रा बसला, आई खाऊ आणावयास स्वयंपाकघरात गेल्या, तोवर कुत्रा उठून त्यांच्या पायांत घोटाळू लागला आणि तेव्हा खाऊ मिळाला, तर शिकविले गेले ते पायांत घोटाळणे. शिक्षेचेही तसेच आहे. संस्थेच्या बागेत सुटलेला कुत्रा दहा हाकांनंतर एकदाचा जवळ येतो आणि त्याच क्षणी त्याला चापट बसते. मारणाऱ्याच्या मते ती पळून जाण्याची शिक्षा असते. कुत्र्याच्या लेखी ती जवळ येण्याची असते. पुढच्या वेळी तो वीस हाका मारावयास लावतो.

आजोबांचे जेवणाच्या वेळचे वागणे याहून अधिक विचार करण्याजोगे आहे. ते रोज पोळीचा तुकडा देत नाहीत, कधीमधी देतात, आणि एवढ्याने काय बिघडते, असे त्यांना वाटते. परंतु कधी मिळणारे व कधी न मिळणारे बक्षीस हेच सवय सर्वांत पक्की करते. जुगारी माणूस उठत नाही तो याच कारणाने. आजोबांना तुकडा द्यावयाचाच असेल, तर जेवण झाल्यावर कुत्र्याच्या भांड्यात द्यावा. म्हणजे त्यांचाही आनंद राहतो आणि पानाशेजारचे भुंकणेही थांबते.

‘नेतृत्व’ हा शब्द या विषयात वारंवार येतो आणि त्याने पुष्कळ अनर्थ केला आहे. १९४७ मध्ये रुडॉल्फ शेंकेल यांनी बाझेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोंडलेल्या त्या लांडग्यांतील चढाओढीवरून, कळपात बळाने वरचे स्थान मिळवावे लागते, ही कल्पना रूढ झाली. कुत्रा हा लांडग्याचाच वंशज. तेव्हा धन्याने त्याला दाबून, प्रसंगी उताणा पाडून आपले वर्चस्व सिद्ध करावे, असा निष्कर्ष लोकांनी काढला. डेव्हिड मेक यांच्या १९७० मधील लांडग्यांविषयीच्या ग्रंथानेही या कल्पनेचा प्रसार झाला. परंतु उत्तर कॅनडातील एल्समीर बेटावर अनेक उन्हाळे मुक्त लांडग्यांचे निरीक्षण केल्यावर त्याच मेक यांनी १९९९ मध्ये लिहिले, की नैसर्गिक कळप म्हणजे सामान्यतः आईबाप आणि त्यांची पिले यांचे कुटुंब असते. तेथे नेतृत्व असते ते पालकत्वाचे. घरातील कर्त्या माणसाने कुत्र्याच्या बाबतीत हेच करावयाचे असते: पलंगावर चढू द्यावयाचे की नाही, दार उघडल्यावर आधी कोणी बाहेर पडावयाचे, हे सर्वांनी मिळून आधी ठरवावे आणि रोज तसेच वागावे. कुत्र्याचे अन्न, फिरणे, विश्रांती वेळेवर होईल हे पाहणेही त्यातच आले.

बळाच्या वापरातील खरा धोका घरातील मुलीला आहे. कुत्रा खात असताना ती त्याच्या भांड्याला हात लावते आणि तो गुरगुरतो. वडील संतापून त्याला मारतात. असे चारदा झाल्यावर गुरगुरणे बंद होते आणि घरच्यांना वाटते, की सुधारणा झाली. प्रत्यक्षात कुत्र्याची भीती तशीच राहिलेली असते. नाहीशी होते ती फक्त पूर्वसूचना. मग एके दिवशी तो न गुरगुरता चावतो. गुरगुरणे ऐकताच मुलीला शांतपणे दूर बोलवावे. पुढे मोठ्या माणसाने भांड्याजवळून जाताना त्यात काही अधिक चांगला घास टाकीत जावे, म्हणजे जवळ येणाऱ्या हाताचे भय हळूहळू ओसरते. आठ वर्षांच्या मुलीला आणि कुत्र्याला जेवणाच्या वेळी एकटे सोडू नये, हा नियम मात्र कोणत्याही शिक्षणाने रद्द होत नाही. कुत्रा चावलाच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

चावलेल्या कुत्र्याला रस्त्यावर सोडून देणारी कुटुंबेही असतात. प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला विनाकारण टाकून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. शिवाय दिल्लीच्या रस्त्यांवरील कुत्र्यांचा प्रश्न आधीच किती तीव्र आहे, हे ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यासंबंधी अकरा दिवसांच्या अंतराने दिलेल्या दोन वेगवेगळ्या आदेशांवरून देशाने पाहिले.

शिक्षक अशा कुटुंबाकडून प्रथम एक खेळ करवून घेतो. कॅरन प्रायर यांच्या १९८४ मधील पुस्तकामुळे तो पुष्कळांना माहीत झाला. एकाने खोलीबाहेर जावयाचे. उरलेल्यांनी त्याच्याकडून करवून घेण्याची एक कृती, समजा खिडकीला हात लावणे, ठरवावयाची. तो आत आल्यावर कोणी बोलावयाचे नाही. त्याचे पाऊल योग्य दिशेने पडले, की फक्त टाळी वाजवावयाची. टाळी उशिरा वाजली, तर तो भलतीकडेच जाऊन उभा राहतो. दोघांनी दोन वेगळ्या क्षणी वाजविली, तर गोंधळून वैतागतो. वडिलांनी एकदा कुत्र्याची भूमिका केली, म्हणजे शिक्षकाला फारसे व्याख्यान द्यावे लागत नाही.

त्यानंतर कागद घेऊन शब्द ठरविले जातात, आणि येथे बहुतेक कुटुंबे एका माणसाला विसरतात. नोकरदारांच्या घरी सकाळ-संध्याकाळ कुत्र्याला फिरविणारा बहुधा पगारी मुलगा असतो. तो हातात काठी ठेवतो, पट्टा ओढतो आणि स्वतःच्या हिंदीत हुकूम देतो. धड्याला त्यालाही बोलवावे, त्याचा तेवढ्या वेळाचा मोबदला द्यावा आणि शब्द त्याच्या तोंडी सहज बसतील असे निवडावेत. आपल्या कल्पनेतील घरात ‘बस’ हा शब्द सोडून ‘बैठ’ ठरवावा लागेल. आजींना तो आठवडाभर परका वाटेल.