नवा मॉनिटर आणि चार दिवसांची मुदत



या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी चेन्नईला घरी पोहोचलो तेव्हा घरात दोन गोष्टी नव्या होत्या. एक म्हणजे दादाच्या टेबलावरचा २७ इंची मॉनिटर. दुसरी म्हणजे त्या मॉनिटरवरून दादा आणि बाबा यांच्यात धरलेला अबोला.

माझे बाबा इथल्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत, म्हणजे ओटीएमध्ये, ड्रिलचे उस्ताद आहेत. दादा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. क्वार्टर्समधल्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेऊन दहा महिन्यांत साठवलेले पैसे त्याने या मॉनिटरवर खर्च केले होते. खोक्यावर तीन गोष्टी ठळक छापल्या होत्या: १४४ हर्ट्झ, अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक आणि एचडीआर. प्रत्यक्षात चित्र जुन्या मॉनिटरपेक्षा फिकट दिसत होते, आणि गाड्यांच्या शर्यतीच्या गेममध्ये गाडी वळली की चित्राचे मधोमध दोन तुकडे पडत होते. बाबांनी एकदाच पाहिले आणि म्हणाले, "दहा महिने घसा कोरडा केलास तो यासाठी?" तेव्हापासून अबोला.

रिची स्ट्रीटवरच्या दुकानदाराने दहा दिवसांच्या आत मॉनिटर परत घेईन असे सांगितले होते. त्यातले सहा दिवस संपले होते. दादाने खोके माळ्यावरून खाली काढून ठेवले होते. मी म्हणालो, "दादा, उरलेले चार दिवस मला दे."

होस्टेलमध्ये आपल्याला गेम खेळायला मिळत नाहीत हे सर्वांना माहीत आहे. पण कॉम्प्युटर लॅबमध्ये एक सवय लागली आहे. बिघाड दिसला की अंदाज करत बसायचे नाही, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकेक जोड तपासायचा. मी तेच केले. त्यातून जे कळले ते इथे लिहितो आहे.

चित्र का फाटते?

मॉनिटर चित्र एकदम दाखवत नाही. तो वरून खाली एकेक ओळ रंगवत येतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर हे काम सेकंदाला ६० वेळा करतो, म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदांनी एकदा. १४४ हर्ट्झचा दर ६.९ मिलिसेकंदांनी.

ग्राफिक्स कार्डाचे काम मात्र असे ठरावीक वेळात होत नाही. मोकळा रस्ता असेल तर एक चित्र, म्हणजे फ्रेम, ९ मिलिसेकंदांत तयार होते. झाडे, धूळ आणि दहा गाड्या एकत्र आल्या की १८ मिलिसेकंद लागतात. मॉनिटर अर्ध्यावर रंगवत आलेला असताना नवी फ्रेम येऊन पडली, तर वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा दिसतो. हेच ते फाटणे.

यावर जुना उपाय व्ही-सिंक. मॉनिटरची फेरी पूर्ण होईपर्यंत कार्डाने थांबायचे. फाटणे बंद होते, पण दुसरे दुखणे सुरू होते. ६० हर्ट्झवर एखादी फ्रेम १८ मिलिसेकंदांत तयार झाली, तर १६.७ ची वेळ थोडक्यात चुकते आणि तिला पुढच्या फेरीची, म्हणजे ३३.३ मिलिसेकंदांची, वाट पाहावी लागते. डोळ्याला ते अडखळल्यासारखे दिसते. दादाने व्ही-सिंक लावून पाहिले होते. फाटणे गेले आणि अडखळणे आले.

मला हे परेडवरून लगेच समजले. ढोल ठरलेल्या ठेक्यावर वाजतो. एखाद्याचे पाऊल उशिरा पडले तर दोनच गोष्टी होतात: एक तर तो ठेका सोडून पाय टाकतो आणि रांग मोडते, किंवा पुढच्या ठेक्यापर्यंत पाय उचलून धरतो. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकमध्ये हा नियमच उलटा केला आहे. ढोलवाला पायांकडे पाहतो. फ्रेम तयार झाली की मॉनिटर तेव्हाच फेरी सुरू करतो. ९ मिलिसेकंदांत आली तर ९ वर, १८ मध्ये आली तर १८ वर.

ही पद्धत गेमसाठी प्रथम एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक या नावाने जाहीर केली. त्यासाठी मॉनिटरमध्ये त्यांचा वेगळा सर्किट बोर्ड बसवावा लागे, म्हणून असे मॉनिटर महाग असत. २०१४ मध्ये मॉनिटरची मानके ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक हे डिस्प्लेपोर्टच्या मानकातच घातले. त्यावर आधारलेले एएमडीचे फ्रीसिंक मॉनिटर २०१५ मध्ये बाजारात आले. जानेवारी २०१९ पासून एनव्हिडियाची कार्डेही अशा साध्या अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक मॉनिटरबरोबर चालू लागली. म्हणूनच शिकवण्यांच्या पैशांत दादाला असा मॉनिटर घेता आला.

पहिला दिवस: टेबलाखाली

मी आधी केबल पाहिली. दादाने जुन्या टीव्हीची एचडीएमआय केबल लावली होती. मॉनिटरबरोबर आलेली डिस्प्लेपोर्ट केबल पिशवीतून बाहेरच आली नव्हती.

मॉनिटरच्या पुस्तिकेप्रमाणे त्याचे एचडीएमआय २.० जातीचे होते. मी वहीत गणित मांडले. पडद्यावर २५६० गुणिले १४४० ठिपके, म्हणजे सुमारे ३७ लाख. सेकंदाला १४४ वेळा. एचडीआरसाठी प्रत्येक ठिपक्याला तीन रंगांचे मिळून ३० बिट. गुणाकार येतो सेकंदाला सुमारे १५.९ अब्ज बिट. एचडीएमआय २.० मध्ये चित्रासाठी १४.४ अब्ज बिटांचीच जागा असते. डिस्प्लेपोर्ट १.४ मध्ये ती २५.९ अब्ज आहे. शिवाय एनव्हिडियाच्या कार्डाला अशा मॉनिटरवर अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक डिस्प्लेपोर्टमधूनच मिळते. एचडीएमआयवर हवे असेल तर दोन्ही बाजूंना २.१ चे मानक लागते. म्हणजे आम्ही सायकलच्या रस्त्यावरून रणगाडा नेत होतो.

केबल बदलली, तरी फरक दिसेना. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टम, त्यात डिस्प्ले, त्यात अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले उघडले. रिफ्रेश रेट ६० वर होता! सहा दिवस दादा १४४ चा मॉनिटर ६० वर वापरत होता. दादाने कपाळाला हात लावला.

तिसरा जोड मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत होता. मागच्या बटणाने उघडणाऱ्या त्या मेनूत अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक मुळातच बंद होते. ते चालू केले. चौथा जोड एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये: तिथे जी-सिंकच्या पानावर खूण केली.

आता एक बारीक गोष्ट. ढोलवाल्यालाही मर्यादा असते. दादाच्या मॉनिटरची कक्षा ४८ ते १४४ हर्ट्झ आहे. गेम १४४ च्या वर गेला तर पुन्हा फाटणे किंवा थांबणे सुरू होते. म्हणून कंट्रोल पॅनेलमध्ये फ्रेमची कमाल मर्यादा १३८ ठेवली आणि व्ही-सिंकही तिथूनच चालू ठेवले. गेममधले व्ही-सिंक बंद केले. ४८ च्या खाली गेले तर काय? तेव्हा एकच फ्रेम दोनदा दाखवली जाते. सेकंदाला ४० फ्रेम आल्या तर मॉनिटर ८० हर्ट्झवर चालतो. कमाल आकडा किमान आकड्याच्या दुप्पट किंवा जास्त असला तरच ही युक्ती जमते, म्हणून मॉनिटर घेताना कक्षा विचारून घ्यावी.

त्या रात्री गाडी वळली आणि चित्र अखंड राहिले. गेम सेकंदाला ७० ते ९५ फ्रेममध्ये वरखाली होत होता, पण डोळ्याला ते जाणवत नव्हते.

फिकट चित्राचे कोडे

एचडीआरला दोन दिवस लागले.

आई सुट्टीत आम्हाला मैलापूरच्या कपालीश्वर मंदिरात नेते. आतल्या अंधाऱ्या मंडपातून बाहेर तळ्याच्या बाजूला आलो की ऊन डोळ्यांवर येते. आपल्या डोळ्यांना समईची वात आणि ऊन खाल्लेली भिंत दोन्ही दिसतात. पडद्याला हे जमत नाही. पडद्याची उजळता निटमध्ये मोजतात. जुन्या पद्धतीचे चित्र सुमारे १०० निटचा पडदा गृहीत धरून बनवतात. एचडीआर चित्रात १०,००० निटपर्यंतची उजळता लिहून ठेवता येते, आणि प्रत्येक रंगाच्या २५६ ऐवजी १०२४ पायऱ्या असतात.

पण लिहिलेले दाखवता आले पाहिजे. दादाच्या खोक्यावर डिस्प्ले-एचडीआर ४०० असे होते. व्हेसाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या या वर्गवारीतली ही सर्वांत खालची पायरी. ४०० म्हणजे जास्तीत जास्त सुमारे ४०० निट. हा पडदा आयपीएस जातीचा आहे आणि त्यात पांढऱ्या व काळ्याचे प्रमाण साधारण १००० ला १ असते. मागचा दिवा एकच, तो पूर्ण जोरात लावला की काळ्या जागेतही ०.४ निट उजेड झिरपतो. अंधार राखाडी दिसतो. यावर खरा उपाय म्हणजे मागचा दिवा अनेक भागांत वेगवेगळा मंद करता येणारा मॉनिटर, किंवा प्रत्येक ठिपका स्वतः पेटणारा आणि विझणारा ओएलईडी. दोन्ही दादाच्या बजेटबाहेर.

म्हणजे खोके खोटे नव्हते. आम्हीच त्या तीन अक्षरांतून जास्त वाचले होते.

तरी जेवढे आहे तेवढे नीट मिळायला हवे होते. तीन चुका सापडल्या.

पहिली: दादा एचडीआर सतत चालू ठेवत होता. त्यामुळे साधी कामे, वेबपाने, अभ्यासाच्या फाइली, सगळेच फिकट दिसत होते. विंडोजच्या एचडीआर पानावर साध्या चित्रांची उजळता ठरवणारी एक पट्टी असते, ती सरकवून थोडा फरक पडला. पण सर्वांत चांगला उपाय साधा निघाला: खेळताना चालू, बाकी वेळ बंद. विंडोजचे बटण, ऑल्ट आणि बी एकत्र दाबले की ते चालू-बंद होते.

दुसरी: या पडद्याची मर्यादा विंडोजला नीट सांगितलेली नव्हती. मायक्रोसॉफ्टचे विंडोज एचडीआर कॅलिब्रेशन नावाचे मोफत अ‍ॅप आहे. त्यात एकेक नमुना दिसतो आणि तो जेमतेम दिसेनासा होईपर्यंत पट्टी सरकवायची असते. आम्ही ते केले तेव्हा कमाल आकडा ४०० च्या आसपास थांबला.

तिसरी: गेममध्येही कमाल उजळतेचा वेगळा आकडा होता आणि तो १००० वर होता. गेम १००० निटचे ढग पाठवत होता, पडदा ४०० वर संपत होता, म्हणून सगळे ढग एक पांढरा डाग. तो आकडा ४०० केल्यावर ढगांच्या कडा दिसू लागल्या.

चौथी चूक सेटिंगची नव्हतीच. टेबल खिडकीसमोर होते आणि चेन्नईचे दुपारचे ऊन थेट पडद्यावर येत होते. त्यापुढे ४०० निटचे काय चालणार? टेबल बाजूच्या भिंतीला लावले.

इतके करूनही काही गेम एचडीआर बंद ठेवूनच चांगले दिसले. तिथे आम्ही ते बंदच ठेवले. बंद ठेवणे हीसुद्धा योग्य सेटिंग असू शकते.

तुमच्या घरी असा मॉनिटर असेल तर

हाच क्रम धरा. केबल. विंडोजमधला रिफ्रेश रेट. मॉनिटरच्या मेनूतले अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक. कार्डाच्या पॅनेलमधली खूण आणि फ्रेमची मर्यादा. हे सगळे जमल्यावर मगच एचडीआर. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. पहिल्या दिवशी घाईत मी दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या आणि फरक कशाने पडला ते कळेना. पुन्हा पहिल्यापासून करावे लागले.

पालकांना एक विनंती. मॉनिटर घेण्याआधी खोक्यावरचे शब्द नव्हे तर आकडे विचारा: रिफ्रेश रेटची कक्षा किती, कमाल निट किती, कोणती केबल सोबत आहे.

चौथा दिवस

शेवटच्या दिवशी संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा दादा गेम लावून बसला होता. मी म्हणालो, "बाबा, दोन मिनिटे बघता का?" दादाने आधी अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक बंद करून गाडी वळवली, मग चालू करून. मी ढोल आणि पायांचे उदाहरण सांगितले.

बाबा म्हणाले, "आमच्या ग्राउंडवर ढोल पायांकडे बघायला लागला तर झालीच परेड!" पण ते उभेच राहिले. दादाकडे पाहून त्यांनी विचारले, "हे तुला आधी का नाही दिसलं?"

दादा म्हणाला, "खोक्यावर लिहिलंय म्हणजे आपोआप चालत असेल असं वाटलं, बाबा."

बाबा थोडा वेळ पडद्यावरचा रस्ता पाहत राहिले. मग जाता जाता दाराजवळच्या खोक्याला पाय लागला तेव्हा थांबले.

"हे माळ्यावर ठेव. फेकू नकोस. बदली झाली की लागेल."

दादाने लगेच शिडी आणली.