पहारेकऱ्याचा धंदा

माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र मिळून संगणक-सुरक्षेची कंपनी काढताहेत. मागच्या ईदला घरी आला, जेवणं झाली आणि हळूच म्हणाला, "मामू, तुमच्या फंडातले दोन लाख घालाल का?" मी बी. ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. संगणकावर टाईप करतो, त्यापलीकडं मला काही येत नाही. पण पैसे घालायचे तर धंदा समजून घ्यायला हवा. चौकशीत जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगतो.

गोष्ट सुरू होते लाहोरला. तिथं संगणकाचं दुकान चालवणाऱ्या बासित आणि अमजद अल्वी या दोन भावांनी १९८६ मध्ये 'ब्रेन' नावाचा विषाणू लिहिला. पीसीवर पसरलेला हा पहिला विषाणू मानला जातो. गंमत म्हणजे त्यात या भावांनी आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरसुद्धा घातला होता. इतका भाबडा तो काळ!

पुढं असले विषाणू फ्लॉपीवर बसून जगभर हिंडू लागले आणि पुण्यातल्या दुरुस्तीच्या दुकानांतही पोचले. त्यातलं एक दुकान कैलास काटकर यांचं. मूळचे सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सोडलं, पुण्यात रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्त करण्याच्या दुकानात नोकरी धरली आणि १९९० च्या सुमारास साठवलेल्या पंधरा हजारांवर स्वतःचं दुकान टाकलं. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. बिघडलेले संगणक दुकानात येत, त्यांतले कितीतरी विषाणूनं आजारी झालेले असत. संजय त्यावर उतारा म्हणून छोटे प्रोग्रॅम लिहू लागले. त्यातूनच 'क्विक हील' जन्माला आलं. म्हणजे लाहोरला दोन भाऊ आणि पुण्यालाही दोन भाऊ!

आता या मालाची जात बघा. सुतारानं खुर्ची केली, विकली, विषय संपला. इथं तसं नाही. विषाणूला ओळखायचं कसं? प्रत्येक विषाणूच्या मजकुरात त्याचा असा एक तुकडा असतो, अंगठ्याच्या ठशासारखा. असे ठसे गोळा करून यादी करायची आणि संगणकातली प्रत्येक फाईल त्या यादीशी ताडून बघायची. पण रोज नवा चोर जन्मतो, म्हणून यादी रोज वाढवावी लागते. हल्ली ठशांबरोबर प्रोग्रॅमची वागणूकही पारखतात, तरी रोजचं काम चुकत नाही. गिऱ्हाईक पैसे देतं वर्षातून एकदा आणि कंपनीला राबावं लागतं वर्षाचे सगळे दिवस. नव्या कंपनीचा जीव नेमका इथं गुदमरतो. पहिल्या विक्रीतून पोट भरत नाही. तेच गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी, तिसऱ्या वर्षी परत आलं तरच हिशेब जमतो.

काटकर बंधूंचीही ओढाताण झाली. माल चांगला होता, पण तो विकायचा कसा हे उमगत नव्हतं. १९९९ च्या आसपास कंपनी बंद करावी की काय, इथवर गोष्ट आली. त्यांनी बंद केली नाही. विक्रीचं कसब असलेली माणसं घेतली. पुढं २००३ मध्ये नाशिकला शाखा उघडली, मग एकेक गाव जोडत गेले. यात मला सगळ्यांत शहाणपणाची वाटली ती एक गोष्ट. त्यांचा माल विकला तो गावोगावच्या संगणक विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या दुकानदारांनी. गिऱ्हाईकाचा विश्वास आधीपासून त्या दुकानदारावर होता, आणि त्या दुकानदाराची भाषा कैलास यांना येत होती. आमच्या घरचा रेडिओ बिघडला की अब्बा एकाच माणसाकडं न्यायचे. कंपनी कुठली, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

कंपनीचं नाव 'क्विक हील टेक्नॉलॉजीज' झालं २००७ मध्ये. 'सिक्वोया' या गुंतवणूकदारांचे साठ कोटी आले २०१० मध्ये, म्हणजे दुकान टाकल्यावर जवळपास वीस वर्षांनी. फेब्रुवारी २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी भाव विक्रीच्या किमतीखाली घसरला. त्याच्या आधीच, २०१२ मध्ये, मायक्रोसॉफ्टनं विंडोजमध्येच फुकटचा पहारेकरी बसवला होता. फुकट मिळणाऱ्या मालाशी दुकानदारानं झुंजायचं कसं? त्यांनी कंपन्या आणि कचेऱ्यांसाठी 'सेक्राइट' नावाची वेगळी शाखा वाढवली.

कंपन्यांना माल विकणं मात्र वेगळंच प्रकरण आहे. तिथं गिऱ्हाईक तुमच्या हाती घराच्या सगळ्या किल्ल्या देतं. सरकारच्या 'सर्ट-इन' या यंत्रणेनं एप्रिल २०२२ मध्ये नियम काढला की सायबर हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवलं पाहिजे. तेव्हा रात्री दोनला फोन उचलणारा माणूस ठेवणं आलं. तीन पोरांच्या कंपनीत तो कोण?

आणि पहारेकऱ्याच्याच हातून चूक झाली तर? १९ जुलै २०२४ ला 'क्राऊडस्ट्राईक' या बड्या अमेरिकन कंपनीनं आपल्या गिऱ्हाइकांना एक सदोष अपडेट पाठवलं. हल्ला नव्हता, चोर नव्हता. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानं सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. जगभर विमानं अडकली. आपल्याकडं हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. इतकी मोठी कंपनी, ती सावरली. नव्या कंपनीच्या हातून यातलं शंभरावा हिस्सा झालं असतं तरी ती पुन्हा उभी राहिली नसती.

एवढं सगळं वाचून मी भाच्याला फोन केला. तो उत्साहात होता. "मामू, वर्षभरात दोनशे कंपन्या जोडतो." मी म्हटलं, "जोड रे. पण अपडेट पाठवायच्या आधी ते तपासतं कोण?"

"मीच."

"आणि लिहितं कोण?"

जरा वेळ गेला. "तेही मीच, मामू."

मी त्याला म्हटलं, माझे दोन लाख घे, पण त्यातून जाहिरात करायची नाही. तुझं काम तपासणारा एक माणूस ठेव, आणि तुला 'नाही' म्हणायचा हक्क त्याला लिहून दे. तो म्हणाला, मित्रांना विचारून सांगतो. अजून फोन आलेला नाही.