दुसऱ्या मॉनिटरची वायर नेमकी कुठे जाते?

उबुंटू किंवा फेडोरासारखं लिनक्स चालवणाऱ्या लॅपटॉपला आज मॉनिटर जोडला, की बहुतेक वेळा दोन-चार सेकंदांत चित्र उमटतं. 'डिस्प्ले' सेटिंगमध्ये दोन चौकोन दिसतात. टेबलावर स्क्रीन जशा ठेवल्या असतील तसे ते माऊसने सरकवायचे, झालं. पूर्वी यासाठी कॉन्फिगरेशन फाइल हाताने लिहून ग्राफिक्सचा सर्व्हरच पुन्हा सुरू करावा लागे. चालू कामात मॉनिटर जोडण्या-काढण्याची सोय २००७ च्या सुमारास त्या सर्व्हरच्या 'रँडआर १.२' या विस्ताराने आणली.

मॉनिटर उजळलाच नाही तर लोक लिनक्सच्या नावाने बोटं मोडतात. पण आधी पाहायला हवं ते सॉकेट. अनेक गेमिंग लॅपटॉपमध्ये ग्राफिक्सच्या दोन चिप असतात : आतली स्क्रीन इंटेल किंवा एएमडीच्या चिपवर चालते, तर एचडीएमआयचं सॉकेट थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेलं असतं. त्या चिपचा ड्रायव्हर नीट बसला नसेल, तर लॅपटॉप मजेत चालतो आणि बाहेरचा मॉनिटर मात्र काळाच राहतो. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात याच दुहेरी रचनेवर प्रश्न आला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी कॅमेऱ्याकडे पाहून एनव्हिडियाला मधलं बोट दाखवलं होतं. कंपनीने ड्रायव्हरच्या कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) भागाचा सोर्स कोड खुला केला, तो २०२२ मध्ये.

यूएसबी-सी तर आणखी फसवं. सॉकेटचा आकार एकच, पण प्रत्येकातून चित्र जातंच असं नाही. डिस्प्लेपोर्टची खूण आहे का ते बघावं. डिस्प्लेलिंक चिपवाल्या डॉकला तर वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो.

चित्र आलं, पण फुगलेलं आणि धूसर? मॉनिटर आपली ओळख 'ईडीआयडी' नावाच्या माहितीतून देतो. कंपनी, मॉडेल, कोणतं रेझोल्यूशन झेपतं, हे सगळं अवघ्या १२८ बाइटच्या मूळ तुकड्यात असतं. हलक्या ॲडॉप्टरमुळे ती माहिती पोचली नाही, तर लिनक्स सावधपणे १०२४ बाय ७६८ वर थांबू शकतं. तासभर टर्मिनलमध्ये डोकं खुपसण्याआधी वायर बदलून पाहिलेली बरी.

खरी कटकट अक्षरांच्या आकाराची. १४ इंची, २८८० बाय १८०० च्या लॅपटॉपवर एका इंचात सुमारे २४२ पिक्सेल बसतात. २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर जेमतेम ९२. एकीकडे वाचता येणारी अक्षरं दुसरीकडे अडीचपट मोठी होतात. पडद्यावर चित्र काढणारी लिनक्सची जुनी एक्स-११ व्यवस्था दोन्ही स्क्रीन मिळून एकच सलग पट मानते, त्यामुळे तिथे हा मेळ घालणं जिकिरीचं. २००८ मध्ये क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी सुरू केलेल्या वेलँड या नव्या व्यवस्थेत लॅपटॉपला २०० टक्के आणि मॉनिटरला १०० टक्के, असं वेगवेगळं मोजमाप ठेवता येतं. एखादा जुना प्रोग्रॅम तिथेही धूसर दिसतो, पण रोजच्या कामाला वेलँडच निवडावं.