बावन्न सेकंदांचं एक पान

प्रा. बारटक्के वाक्य सुरू करतात, ऐन मोक्याचा शब्द गिळतात आणि त्या जागी नुसता 'ह' पेरतात. त्या 'ह'ला ते विभक्ती लावतात, त्याचं क्रियापद करतात. पुढचं काम प्रेक्षकांचं. ज्याच्या त्याच्या मनात जो शब्द असतो तो तिथं जाऊन बसतो आणि नाट्यगृह हसून हसून आडवं होतं. 'तरुण तुर्क म्हातारे अर्क' लिहिणारे आणि त्यात बारटक्के रंगवणारे मधुकर तोरडमल आमच्या अहमदनगर कॉलेजात इंग्रजी शिकवायचे. २०१७ साली ते गेले. जिल्हा आता कागदोपत्री अहिल्यानगर झाला, एसटीच्या रांगेत मात्र अजून नगरच आहे. त्या नगरात मी एकांकिका लिहिते. स्पर्धांचे दिवस जवळ आले की पारनेर, पाथर्डी, श्रीगोंद्याकडची पोरं वह्या घेऊन घरी येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, "ताई, डायलॉग जमलेत का बघा ना."

मी त्यांना आधी हा 'ह' दाखवते. तोरडमलांनी शब्द लिहिला नाही, पण तो कुठं गळणार ती जागा मात्र फार विचारपूर्वक लिहिली. लेखकाची खरी कारागिरी अशा जागा तयार करण्यात असते, असं माझं ठाम मत आहे. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद अशी तीन कामं वेगळी दिसतात. काय घडलं ती कथा. ते कोणत्या क्रमानं, कुठल्या जागी, कुणाच्या डोळ्यांदेखत घडलं आणि कुणाला काय आधी कळलं, ही पटकथा. संवाद त्यानंतर. पोरं उलटीकडून सुरुवात करतात, म्हणून त्यांची पात्रं बोलत सुटतात आणि घडत काहीच नाही.

न बोलता घडवण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आमच्या हाताशीच आहे. नागराज मंजुळे मूळचे करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. संज्ञापनाच्या शिक्षणासाठी ते नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजात आले. त्यांच्या 'पिस्तुल्या' या लघुपटाला ५८व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पदार्पणाचा पुरस्कार मिळाला. मग १४ फेब्रुवारी २०१४ ला त्यांचा 'फँड्री' थिएटरात लागला. त्यातलं गाव आहे नगरजवळचं अकोळनेर. कैकाडी घरातला जब्या, त्याचा बाप कचरू, वर्गातली शालू. जब्याला शालूच्या नजरेत भरायचंय. त्यासाठी तो गलोल घेऊन काळ्या चिमणीमागे रानोमाळ हिंडतो आणि जीन्स घ्यायला पैसे हवेत म्हणून सायकलवर बर्फाच्या कांड्या विकतो. बापाला पोरीच्या लग्नासाठी पैसे हवेत, आणि त्याला जमतं ते काम एकच, डुकरं धरण्याचं. चित्रपटाचा बराचसा वेळ लेखक या दोन गरजा वेगवेगळ्या रस्त्यांनी चालवत नेतो. त्या एकमेकींना कुठं भिडणार, हे आपल्याला मनातून कळत असतं आणि ते घडू नये असंही वाटत असतं.

त्या भिडतात शाळेच्या शेजारी. सगळं घर डुकरामागे धावतंय, बघ्यांची गर्दी जमलीय, वर्गातली पोरं हसताहेत, जब्या शालूला दिसू नये म्हणून आडोसा शोधतोय. डुक्कर अगदी टप्प्यात येतं आणि शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या सावधान उभा राहतो. मग बाकीचे थांबतात, बापही थांबतो. डुकराला सावधान ठाऊक नाही. ते निघून जातं.

मी हा प्रसंग पोरांसमोर पुन्हा पुन्हा लावते आणि विचारते, इथं संवाद कोणता लिहाल? राष्ट्रगीत चालू असताना बोलायचं नसतं. म्हणजे लेखकानं परिस्थितीच अशी आणली की पात्रांची तोंडं आपोआप बंद झाली. ज्या घराला गावानं वेशीबाहेर ठेवलं ते घर देशाच्या मानासाठी हातची कमाई सोडून ताठ उभं राहतं. हे वाक्य मी इथं लिहिलं तरी त्यातला जोर निम्म्यानं उतरला, पडद्यावर ते कुणीच उच्चारत नाही. पटकथेचा ढोबळ हिशोब असा की एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. राष्ट्रगीताला ५२ सेकंद लागतात. जवळजवळ एक पान भरेल एवढ्या अवधीत एकही संवाद लिहिता येत नाही आणि सिनेमाचा कणा नेमका तिथंच आहे. या चित्रपटाला ६१व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या चित्रपटासाठीचा इंदिरा गांधी पुरस्कार मिळाला आणि जब्या झालेला सोमनाथ अवघडे उत्कृष्ट बालकलाकार ठरला. पुरस्कार नसते तरी मी पोरांना हाच प्रसंग दाखवला असता.

मंजुळेंच्याच न्यू आर्ट्स कॉलेजात शिकलेले भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून २०१५ साली 'ख्वाडा' आणला. मेंढरं घेऊन फिरणारं धनगर कुटुंब, पोराला लग्नाची आस. त्यातली माणसंही मोजकं बोलतात, आणि जे बोलतात ते त्यांच्याच तोंडचं वाटतं. आमच्या जिल्ह्यात कोपरगाव-संगमनेरकडची बोली वेगळी, जामखेडची वेगळी. टीव्हीवरची सरसकट गावरान भाषा दोन्हीकडं परकीच वाटते. पोरं आपल्या घरची बोली सोडून ती उसनी भाषा लिहितात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं.

अकोळनेरचं आणखी एक नाव घ्यायलाच हवं. संतकवी दासगणू महाराजांचा जन्म १८६८ साली याच गावातला. पोलीस खात्यात नोकरी करत असताना त्यांना तमाशाचा नाद होता, ते लावण्या रचायचे. पुढे कीर्तनकार म्हणून त्यांनी नाव मिळवलं. कीर्तनाच्या उत्तररंगात एकटा माणूस उभ्या उभ्या राजा होतो, राणी होतो, चोर होतो, आणि आख्यान कुठं थांबवून अभंग घ्यायचा हे त्याला नेमकं माहीत असतं. पटकथेचं शिक्षण आमच्याकडे देवळाच्या सभामंडपात आणि तमाशाच्या तंबूत कधीपासूनच चालत आलंय. संगमनेरच्या कांताबाई सातारकरांचा फड ज्यांनी पाहिला त्यांना हे वेगळं सांगायला नको. वगाचा लेखक सांगाडा देतो आणि सोंगाड्यासाठी मोकळी जागा ठेवतो.

आता एका वहीबद्दल. पाथर्डीकडच्या एका मुलीनं ऊसतोडीवर लिहिलंय. मुकादमाची उचल घेतलेली, आईबाप कारखान्याला निघालेले, मुलगी सातवीत. पहिल्या खर्ड्यात ती मुलगी दीड पान बोलते: मला शिकायचंय, मला मोठं व्हायचंय, माझ्या स्वप्नांचं काय. सगळं खरं, आणि सगळं आधी ऐकलेलं. मी तिला म्हटलं, ट्रॅक्टर भरताना घरात काय काय होतं ते क्रमानं लिही. ती दुसऱ्या दिवशी यादीच घेऊन आली. पीठ, मीठ, ताडपत्री, कोयते, चुलीसाठी गोवऱ्या, कोंबड्या. रेशनकार्ड आजीकडे. शेवटी तिनं लिहिलं होतं की आई पोरीचं दप्तर गोधडीत गुंडाळून गाठोड्यात ठेवते आणि बाप ते काढून बाजूला ठेवतो, कारण त्या जागी तेलाचा डबा बसवायचाय.

मी तिला तिथंच थांबवलं. बापाला दुष्ट करायची गरज उरली नाही. डबा लागणारच आहे, गाठोडं लहानच आहे. आता मुलगी काय करते एवढंच लिहायचं.

सिनेमा असता तर दप्तरावर कॅमेरा नेला की झालं. रंगमंचावर शेवटच्या रांगेतल्या माणसाला दप्तर दिसणार नाही, म्हणून तिनं ट्रॅक्टरच्या भोंग्याचा उपयोग केला. तीन वेळा भोंगा, दर वेळी घाई वाढते, दर वेळी घरातली एक वस्तू बाहेर जाते आणि रंगमंच रिकामा होत जातो. ट्रॅक्टर विंगेत, नुसता आवाज. दीड पानाच्या भाषणातलं एक वाक्य उरलंय आणि तेही आजीच्या तोंडी गेलंय.

प्रयोग करायचा तर संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, आणि पाठवलेल्या संहितेतलं मग मनाला येईल तसं बदलता येत नाही. तिच्याकडे अजून दोन शेवट आहेत. एकात मुलगी दप्तर घेऊन ट्रॅक्टरकडे जाते, दुसऱ्यात ती दप्तर आजीच्या हातात देते आणि कोयता उचलते. तालमीत दोन्ही करून बघणार आहोत. मला दुसरा पटतो, तिला पहिला, आणि लिहिणारी ती आहे.