बंदराचे दार आणि शेतकऱ्याचे दैव

हार्बर मार्गावरील लोकलगाडी रे रोड मागे टाकून पुढे निघाली की कॉटन ग्रीन नावाचे स्थानक लागते. हजारो नोकरदार रोज तेथे चढतात, उतरतात. पण या नावातील ‘कॉटन’ कोठून आले याची चौकशी करण्याइतकी सवड त्या गर्दीत कोणाला असणार? कापसाच्या गाठींचा व्यापार प्रथम कोटातील टाउन हॉलसमोरच्या मैदानावर चाले. १८४४ साली तो कुलाब्यास हलविण्यात आला आणि विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात शिवडीजवळच्या भराव घातलेल्या जमिनीवर गेला. गाठी गेल्या, व्यापारही गेला. नाव तेवढे फलाटावरच्या पाटीवर उरले. मुंबई म्हणजे गिरण्यांचे, बँकांचे, चित्रपटांचे शहर, असे समजण्याची सवय आता सर्वांनाच जडली आहे. वस्तुतः या शहराची पहिली मोठी श्रीमंती उभी राहिली ती पाठीमागच्या मुलखातील शेतमाल जहाजांवर चढवून. त्यात माळव्याच्या अफूचाही मोठा हिस्सा होता, आणि अफू हाही अखेर शेतमालच, हे या शहराच्या गौरवगाथांतून बहुधा सोयीस्करपणे वगळले जाते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस तोवर अमेरिकेतून येत असे. तो बंद होताच इंग्लंडची नजर खानदेश, वऱ्हाड, धारवाड व गुजरात या प्रदेशांकडे वळली. पुढील चार वर्षे मुंबईत जो पैसा खेळला त्याची वर्णने आजही अद्भुत वाटतात. गाद्या-उशांतील कापूस काढून लोकांनी तो बाजारात विकल्याच्या आठवणी सांगितल्या जातात. या पैशातून बँका निघाल्या, समुद्र बुजविणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या भागांचा सट्टा सुरू झाला. प्रेमचंद रायचंद हे नाव त्या काळी मंत्राप्रमाणे उच्चारले जाई. १८६५ च्या वसंतात अमेरिकेतील युद्ध संपले आणि सगळा डोलारा कोसळला. मोठमोठ्या पेढ्यांची दिवाळी वाजली. बँक ऑफ बॉम्बेही अखेर बुडाली.

शहराची कथा येथे संपते. सावरण्याची शक्ती शहरापाशी होती. गिरण्या निघाल्या, गोद्या बांधल्या गेल्या, प्रेमचंदांच्या देणगीतून राजाबाई टॉवरही उभा राहिला. खेड्याची कथा मात्र पुढे दहा वर्षे चालू राहिली. तेजीच्या काळात शेतकऱ्याची पत वाढली आणि सावकाराने हात सैल सोडला. ज्या तालुक्यांत कापूस फारसा पिकत नव्हता तेथेही धान्याचे भाव चढले आणि रेल्वेच्या कामांवर मजुरी मिळू लागली. याच चढलेल्या भावांकडे पाहून सरकारने इंदापूर, भीमथडी यांसारख्या तालुक्यांत जमिनीचा सारा वाढविला. भाव उतरले तेव्हा सारा मात्र उतरला नाही आणि व्याज तर नाहीच नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथील बाजारात जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला आणि कर्जखतांची होळी झाली. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासाने नोंद घेतली ती याच उठावाची. चौकशी समिती नेमली गेली, १८७९ चा शेतकरी साहाय्य कायदा आला. लिव्हरपूलच्या बाजारातील भावाची झळ भीमाकाठच्या कुणब्याच्या चुलीपर्यंत कशी पोहोचते, हे त्या वेळी प्रथमच इतक्या स्पष्टपणे दिसून आले.

दीडशे वर्षे उलटली. मुंबईच्या जुन्या गोद्यांमधील वर्दळ पूर्वीची राहिली नाही. २६ मे १९८९ रोजी खाडीपलीकडे न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले आणि पेटारबंद मालाचा ओघ तिकडे वळला. कापसाच्या गाठींची जागा नाशिक-सांगलीची द्राक्षे, कोकणचा हापूस आणि लासलगाव-पिंपळगावचा कांदा यांनी घेतली. माल बदलला, धक्का बदलला, जहाजांची जात बदलली. सुवेझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाला तेव्हा मुंबईचा युरोपशी होणारा व्यापार वेगळ्याच पायावर उभा राहिला होता. तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाल्यानंतर, म्हणजे २०२३ च्या अखेरीपासून, द्राक्षांचे कंटेनर पुन्हा आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले आणि प्रवास दहा ते पंधरा दिवसांनी लांबला. कापसाच्या गाठीला पंधरा दिवसांचे काही वाटत नाही. द्राक्षाच्या देठाला वाटते.

या निर्यातीला जे अडथळे येतात ते सर्व एकाच जातीचे समजणे ही चूक ठरेल. २०१० च्या हंगामात महाराष्ट्रातील द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश युरोपने मान्य केलेल्या मर्यादेपेक्षा अधिक आढळले. कंटेनर परदेशी बंदरांत अडकले आणि बागायतदारांचे अतोनात नुकसान झाले. आघात क्रूर होता. अनेकांना तर आपल्या फवारणीतील कोणता पदार्थ कोठे मोजला जातो याची कल्पनाही नव्हती. तथापि त्या आघातातून काही निष्पन्न झाले. बागांची नोंदणी, फवारणीच्या नोंदवह्या, निर्यातीपूर्वीची प्रयोगशाळेतील तपासणी या गोष्टी कागदावरून प्रत्यक्षात आल्या. नाशिककडील सामान्य बागायतदार आज रसायनांच्या अंशांच्या मर्यादांविषयी ज्या सहजतेने बोलतो ती एखाद्या रसायनशास्त्राच्या शिक्षकालाही कौतुकाची वाटावी. आंब्याचेही तसेच. फळमाशीमुळे युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून भारतीय आंब्याला बंदी केली. उष्णजल व बाष्प प्रक्रियांची आणि तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ च्या जानेवारीत ती उठविण्याचा निर्णय झाला. विकिरणाची अट मान्य करून २००७ मध्ये अमेरिकेचे दार उघडले. त्याचा मार्ग लासलगावच्या विकिरण केंद्रातून गेला. या अटी जाचक आहेत, त्यांत श्रीमंत राष्ट्रांचा अहंकारही असेल. परंतु त्या आगाऊ कळतात, त्या पाळता येतात आणि पाळल्या की दार उघडते.

कांद्याची गोष्ट निराळी आहे. कांद्याचे दार परदेशात बंद होत नाही. ते दिल्लीत बंद होते.

२९ सप्टेंबर २०१९ रोजी कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली. ती १५ मार्च २०२० पासून उठली. सहाच महिन्यांनी, १४ सप्टेंबर २०२० रोजी ती पुन्हा आली आणि १ जानेवारी २०२१ पासून उठली. १९ ऑगस्ट २०२३ रोजी चाळीस टक्के निर्यातशुल्क लागले. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला आठशे डॉलरचे किमान निर्यातमूल्य ठरले आणि ८ डिसेंबर २०२३ पासून सरसकट बंदी आली. प्रथम ती ३१ मार्चपर्यंतच असल्याचे सांगण्यात आले होते. नंतर मुदत वाढली. एप्रिल २०२४ मध्ये दोन हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. तो प्रामुख्याने गुजरातचा असल्याने नाशिक जिल्ह्यात संताप उसळला. लोकसभेसाठी नाशिककडील मतदानाला पंधरवडा उरला असताना, ४ मे रोजी, साडेपाचशे डॉलरचे किमान मूल्य व चाळीस टक्के शुल्क लावून बंदी उठविण्यात आली. सप्टेंबरमध्ये, विधानसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर, किमान मूल्य गेले आणि शुल्क निम्मे झाले. निर्यातीच्या धोरणाचे वेळापत्रक पिकाच्या हंगामाशी जुळत नसेल, पण दुसऱ्या एका हंगामाशी ते बरेच जुळते.

अशा अधिसूचना बहुधा तत्काळ अमलात येतात. लिलाव सकाळी झालेला असतो. व्यापाऱ्याने माल गोण्यांत भरलेला असतो, ट्रक कसाऱ्याचा घाट उतरलेला असतो, कंटेनर न्हावा-शेवाच्या आवारात उभा असतो. २०२० मध्ये आणि त्यानंतरही असे कंटेनर बंदरात अडकून पडले. कांदा ही काही लोखंडाची सळई नव्हे. उकाड्यात बंद पेटाऱ्यात त्याला पाणी सुटते आणि कोंब येतात. व्यापारी तोटा सोसतो हे खरे; परंतु दुसऱ्या दिवशीच्या लिलावात तो त्याच हिशेबाने बोली लावतो, आणि तोट्याचा बराचसा भाग ट्रॅक्टरवर बसून बोलीकडे पाहणाऱ्या माणसाच्या पदरी येतो.

त्या माणसाचे गणितही समजून घेण्याजोगे आहे. उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो. सगळ्यांचाच निघत असल्याने भाव पडलेले असतात. म्हणून ज्याची ऐपत असते तो माल चाळीत भरतो. बांबू, जाळी आणि पत्रा यांच्या या चाळीत वारा खेळता राहावा लागतो. तरी कांदा वजनाला घटतो, काही सडतो. पावसाळ्यात तर पुनःपुन्हा निवड करावी लागते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नवा लाल कांदा यायचा असतो, बाजारात टंचाई असते, आणि पाच महिने जोखीम घेऊन सांभाळलेल्या मालाला दोन पैसे अधिक मिळण्याची वेळ येते. नेमकी हीच वेळ शहरात कांदा महागल्याच्या बातम्यांची असते आणि म्हणून अधिसूचनेचीही असते. साठवण करणाऱ्याला बाजाराने जे बक्षीस द्यायचे ते शासन काढून घेते, आणि मग साठवणुकीच्या सोयी वाढत नाहीत म्हणून चिंताही व्यक्त करते.

ही बंदी ग्राहकाच्या नावाने होते, आणि तो ग्राहक म्हणजे बहुतांशी शहरातील पगारदार. त्याची तक्रार खोटी नाही. महिनाअखेरीस किलोमागे तीस-चाळीस रुपये जास्त मोजणे कोणालाच सुखाचे नसते. परंतु सरकारी कार्यालयातील लिपिकाला आणि अनुदानित शाळेतील शिक्षकाला महागाई भत्ता मिळतो. त्याच्या हिशेबात बाजारभाव धरले जातात. उशिरा का होईना, भरपाई होते. मंदीचा भत्ता मात्र कोणत्याही शेतकऱ्याला मिळत नाही. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे; त्याला स्वस्त धान्य दुकानांतून कांदा देण्याचा मार्ग मोकळा आहे. त्याचा खर्च मात्र तिजोरीने उचलावयास हवा, चांदवड-निफाडच्या शेतकऱ्याने नव्हे.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणेही न्यायाचे होणार नाही. राखीव साठ्यासाठी नाफेड व राष्ट्रीय ग्राहक सहकारी महासंघ यांच्यामार्फत खरेदी होते. २०२३-२४ मध्ये या साठ्याचे उद्दिष्ट तीन लाख टनांवरून पाच लाख टनांवर नेण्यात आले. शुल्काविरुद्ध नाशिकचे लिलाव बंद पडले तेव्हा क्विंटलला २४१० रुपयांनी खरेदी जाहीर झाली. पण साठा हाताशी असताना बंदीचीही गरज भासावी, याचा अर्थ साठ्यावर खुद्द शासनाचाच विश्वास नाही. निदान एवढे तरी व्हावे की, बंदराच्या आवारात पोहोचलेला आणि सौदा पक्का झालेला माल प्रत्येक वेळी विनाविलंब जाऊ दिला जाईल. आणि शुल्क किती भावाला किती लागणार हे हंगामाच्या आरंभीच, पेरणीपूर्वी, जाहीर होईल. चाकणला १९८० साली कांद्याच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातही आंदोलन पेटले. तेव्हापासून मागण्यांच्या याद्या पुष्कळ झाल्या. ही मागणी त्यांतील सर्वांत स्वस्त आहे.

परदेशी ग्राहक या सगळ्याकडे स्वस्थ बसून पाहात नाही. कोलंबो, दुबई, क्वालालंपूर येथील आयातदारांना वर्षभर माल हवा असतो. भारताचे दार बंद झाले की तो पाकिस्तानकडे, चीनकडे, इजिप्तकडे वळतो. एकदा वळलेला आयातदार केवळ बंदी उठली म्हणून परत येत नाही. बांगलादेश हा भारतीय कांद्याचा सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. वारंवारच्या बंद्यांनी पोळल्यावर त्याने स्वतःच्या शेतात कांदा वाढविण्यावर भर दिला. उरलेले वीस टक्के निर्यातशुल्क १ एप्रिल २०२५ पासून पूर्णपणे उठले. न्हावा-शेव्याचे दार सताड उघडे झाले. त्या वर्षी उन्हाळ कांद्याचे पीक उदंड आले होते, चाळी भरलेल्या होत्या. आणि लासलगावच्या लिलावात भाव मात्र पावसाळा संपेपर्यंत पडलेलेच राहिले.